मुठीएवढ्या टोप्या

आमच्या विणकाम गटाने यंदा मुदतपूर्व, म्हणजे 37 आठवडे पूर्ण होण्याआधीच जन्मलेल्या बाळांसाठी दान म्हणून टोप्या विणायला घेतल्या, तेव्हा एवढीशी वस्तू हातोहात होईल असे मला वाटले होते. पूर्ण दिवसांच्या बाळाच्या डोक्याचा घेर साधारण 35 सेंटिमीटर असतो. ही बाळे त्याहून बरीच लहान, त्यामुळे माझी पहिली टोपी त्यांच्या हनुवटीपर्यंत उतरली असती. ती उसवली. कडेला दोन सुलट, दोन उलट अशी वीण घातली की टोपी ताणली जाते आणि न आवळता डोक्यावर बसते, हे मला शेजारी बसणाऱ्या आजींनी माझ्याच सुया हातात घेऊन दाखवले. केसाळ लोकर देखणी दिसली तरी तिचे सुटे तंतू बाळाच्या नाकातोंडात जाऊ शकतात, म्हणून ती आम्ही वर्ज्य केली आहे. बटणे, मणी आणि रिबिनीही नाहीत. (गोंड्यांवरून मात्र अजून वाद चालू आहे.) सर्वांत किचकट काम शेवटचे: लोकरीची टोके आतल्या बाजूने टाक्यांत ओवून जिरवणे, कारण एखादी राहून गेलेली गाठही नाजूक कातडीला टोचते. ते काम सगळ्याच जणी टाळतात, मीसुद्धा, आणि म्हणूनच माझ्या पिशवीत आत्ता टोके लोंबणाऱ्या नऊ टोप्या पडून आहेत.