तुम्ही विचारलंत म्हणून: सेरेब्रल पाल्सी (लहानपणीच मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींवर होणारा परिणाम) असलेल्या मुलाने वजन घेऊन व्यायाम केला तर पाय आणखी कडक होतात का?

नाही होत. अशा मुलांना जोर लावायला लावला की स्पास्टिसिटी, म्हणजे स्नायूंचा कडकपणा, वाढते, हे फिजिओथेरपीतच कित्येक वर्षं शिकवलं गेलं, तेव्हा तसं मानणाऱ्या पालकांवर चिडून काय उपयोग? १९९०च्या दशकापासूनच्या अभ्यासांत ताकद वाढली, कडकपणा वाढलेला दिसला नाही. कडक स्नायू बळकट असतो असंही नाही. बहुतेकदा तो अशक्तच असतो.

‘रोज व्यायाम करतोच की!’ करतो, पण स्नायू ताणणं (स्ट्रेचिंग) आणि बिनवजनाचे तीस वेळा पाय हलवणं म्हणजे ताकदीचा व्यायाम नव्हे. वजन असं हवं की ६ ते १५ वेळांत शेवटचे दोन जड जावेत. असे १ ते ३ सेट, मध्ये पुरेशी विश्रांती, एक दिवस सोडून, आठवड्यातून २-४ वेळा, किमान १२ आठवडे. सोपं वाटू लागलं की वजन वाढवायचं. बहुतेक घरांत गाडी इथेच अडते.

उभं राहू शकणाऱ्या मुलासाठी खुर्चीतून उठणं घ्या. बसल्यावर गुडघे काटकोनात; जमत नसेल तर बैठक उंच करा. टाचा गुडघ्यांच्या किंचित मागे. वजन छातीशी धरायचं किंवा जाकिटात. पाठीवरचं दप्तर मागे ओढतं. पुढे झुकून उठायचं, तीन मोजत हळू बसायचं. धप्पकन बसला तर अर्धा व्यायाम वाया. टाच उचलली जात असेल तर स्प्लिंट (पाऊल-घोट्याला आधार देणारा साचा) घाला किंवा टाचेखाली उंचवटा द्या. गुडघे एकमेकांवर आपटत असतील तर ‘गुडघे उघड’ म्हणून ओरडू नका, वजन कमी करा. एका बाजूचा त्रास असेल तर मूल सगळा भार चांगल्या पायावर टाकतं आणि बारा वेळा उठलं म्हणून आपण खूश! चांगलं पाऊल थोडं पुढे ठेवा, म्हणजे दुसऱ्या पायाला काम करावंच लागतं.

दोनेक दिवस स्नायू दुखले तर चालेल. सांधा दुखला तर थांबा. नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल, खुबा सरकत असेल किंवा हाडं ठिसूळ असतील तर आधी डॉक्टरांना विचारा.

आणि चालणं सुधारेल का? ताकद वाढते, असं बहुतेक अभ्यासांत दिसलं. पण ती चालण्यात उतरेलच असं नाही. काही अभ्यासांत उतरली, काहींत नाही. जिने, पायऱ्या, वेगाने उठणं असा रोजच्या हालचालींसारखा सराव जास्त उपयोगी पडतो असं माझं मत आहे. व्यायाम सोडला की कमावलेली ताकदही ओसरते.