शाळेतल्या धाकाचं काय झालं?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. लग्नाची पंगत असो की दवाखान्याचं बाकडं, मी शिक्षक आहे हे कळलं की प्रश्न ठरलेला: "सर, आता शाळेत पूर्वीसारखा धाकच राहिला नाही ना? म्हणूनच पोरांना काही येत नाही." विचारणाऱ्याचं उत्तर त्यातच असतं, मला फक्त मान डोलवावी लागते. पालकसभेत एखादे वडील अजूनही हात जोडून म्हणतात, "हाडं आमची, चामडी तुमची." मी त्यांना शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ सांगतो, शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला बंदी. ते कीव आल्यासारखं हसतात. बिचाऱ्या मास्तराचे हात बांधलेत, असं त्यांना वाटतं.

१ एप्रिल २०१० ला कायदा लागू झाला तेव्हा मलाही तसंच वाटलं होतं. स्टाफरूममध्ये सगळ्यात मोठ्याने मीच बोलायचो. छडी काढून घेतली, कलम १६ ने आठवीपर्यंत नापास करणंही काढून घेतलं, मग आमच्या हातात उरलं काय, खडू? माझ्यातल्या त्या तेव्हाच्या मास्तराचं सगळंच आज खोडून काढता येत नाही. 'असर' या शालेय शिक्षणाच्या पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातल्या पाचवीच्या मुलांपैकी दुसरीचा उतारा वाचू शकणारी मुलं २०१० मध्ये ५३.७ टक्के होती, २०१२ मध्ये ४६.८. हे आकडे तो माझ्या तोंडावर फेकेल. मी त्याला विचारेन, अरे बाबा, २०१० मध्येही शंभरातल्या सेहेचाळीस पोरांना तो उतारा वाचता येत नव्हताच की. ती तर छडीच्याच शाळेत वाढली होती. करोनात शाळा बंद राहिल्या आणि २०२२ मध्ये आकडा ४२.८ वर आला. २०२४ मध्ये पुन्हा ४९ च्या आसपास गेला. मधे काही छडी परत आली नव्हती.

हे सगळं मला पाठ होतं, आणि समोर कोण आहे ते बघून मी दोन्ही बाजूंनी बोलायचो. मग सातवीत एक मुलगा माझ्या वर्गात आला.

भिंतीकडेला बसायचा. वहीला कव्हर, समास आखलेला, अक्षर वळणदार, गृहपाठ कधी चुकला नाही. खोडी नाही, उलट उत्तर नाही. उच्च प्राथमिकला एका शिक्षकामागे पस्तीस मुलं असं कायदा म्हणतो, आमच्या वर्गात साठाच्या वर बसतात. तिथे असा मुलगा म्हणजे देवच पावला. एकदा प्रकट वाचन घेत होतो. तो उभा राहिला आणि ओळीखाली बोट फिरवत खणखणीत वाचू लागला, स्वल्पविरामाला थांबून वगैरे. मी फळ्याकडे वळलो तेवढ्यात शेजारचा फिदीफिदी हसला. "सर, ह्याचं पानच दुसरंय." जाऊन बघतो तर पुस्तक मागच्याच धड्यावर उघडं. बोट त्या धड्याच्या ओळींवरून सरकतंय आणि तोंडातून आजचा धडा येतोय.

मधल्या सुट्टीत त्याला एकट्याला बसवलं. 'घर' आलं, 'पाणी' आलं. मग 'सूर्य' लिहून दिला. त्याने 'सू' म्हटलं आणि कागदावरची नजर उचलून माझ्या ओठांकडे बघत राहिला. रफार त्याला माहीतच नव्हता. पुढचं अक्षर तो माझ्या तोंडावरून ओळखायला बघत होता. फळ्यावरचा मजकूर तो चित्र काढावं तसा उतरवायचा. घरी मोठी बहीण धडा वाचून दाखवायची, ऐकून तो पाठ करायचा.

वडिलांना बोलावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि मला काही कळायच्या आत पोराच्या कानफटात मारली. मी मधे पडलो, तर आवाज माझ्यावर चढला. "मग सातवीपर्यंत आला कसा हा? तुम्ही पगार कशाचा घेता?" मी म्हणालो, तो माझ्याकडे यंदाच आलाय. खरंच होतं ते, पण मलाच ऐकवेना. त्यांनी पिशवीतून पहिलीपासूनची प्रगतिपुस्तकं काढून टेबलावर मांडली. ब-१, ब-२, एखाद्या वर्षी अ-२ सुद्धा. आकारिक मूल्यमापनात, म्हणजे वर्षभराच्या कामावरून गुण देताना, वही, प्रकल्प, पाठांतर, उपक्रम, यात तो कमी पडणार कुठे? आणि शेरा दरवर्षी तोच: 'शांत व शिस्तप्रिय.'

धाक त्याला होता हो. घरात भरपूर, शाळेतही पुरेसा. चुकलं तर हसतील, मार बसेल, या धास्तीपोटी त्याने न वाचता निभावून न्यायची कला कमावली होती. दंगा करणारी पोरं परवडली, "सर, काही कळलं नाही" हेही ती ओरडून सांगतात.

म्हणजे मी गोंधळाची वकिली करतोय, असं समजू नका. पस्तीस मिनिटांच्या तासातली आठ-दहा मिनिटं नुसती गप्प करण्यात जातात. एखादा पोरगा तोंडावर "हात लावून दाखवा" म्हणतो तेव्हा तो जुना मास्तर माझ्यात जागा होतोच, खोटं कशाला बोलू? पण त्याच शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ ने जनगणना, निवडणूक आणि आपत्ती यांसाठी आम्हाला वर्गाबाहेर काढायची मुभा ठेवली आहे. निवडणूक म्हटली की मतदारयादीही आलीच. त्यात बुडालेल्या तासांबद्दल पंगतीत मला आजवर कुणी विचारलेलं नाही.

त्या मुलाला घेऊन शाळा भरायच्या आधी अर्धा तास बसत गेलो. वर्ष संपताना तो दुसरीचा उतारा अडखळत का होईना वाचायला लागला. सातवीचा धडा अजून झेपत नाही. आता तो आठवीत आहे. कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी आणि आठवीला मागे ठेवायची मुभा राज्यांना मिळाली, आपल्याकडे २०२३-२४ पासून तशी वार्षिक परीक्षा सुरू झाली. नापास झाला तर पुनर्परीक्षा, तिथेही राहिला तर त्याच वर्गात. तिसरीत कुणी असं अडवलं असतं तर तो तेव्हाच सापडला असता, असं एक मन म्हणतं. दुसरं म्हणतं, तिसरीत दोनदा बसवलेली किती पोरं चौथीचं तोंड न बघता शाळा सोडून गेली, ते तू बघितलंयस.

त्याचे वडील परवा भेटले. यंदा नापास झाला तर सर, त्याला ठेवा, दयामाया नको, म्हणाले. मी बघू म्हटलं. स्टाफरूममध्ये यावर सरळ दोन तट आहेत, आणि या वर्षात मी दोन्हीकडे बसून आलोय.