आहुप्याच्या खळ्यात तंबू, देवराईत शेकरू

शेकरू, म्हणजे जंगलातली मोठी खार, बघायचं तर भीमाशंकरला जा, असं पुण्यात कुणीही सांगेल. सांगणं चूक नाही. गुप्त भीमाशंकरच्या वाटेवर सकाळी लवकर गेलं तर शेकरू दिसतं. पण मे महिन्याच्या सुट्टीत देवळाच्या परिसरात जी गर्दी लोटते, त्यात मुलांना झाडाखाली गप्प बसवणं अशक्यच. म्हणून आम्ही त्याच अभयारण्याच्या उत्तर टोकाला, आहुप्याला जायचं ठरवलं. आम्ही दोघं, दहा वर्षांची लेक, सहा वर्षांचा लेक आणि सासूबाई. आईंना गुडघ्यामुळे फार चालवत नाही, पण जंगल म्हटलं की त्या सगळ्यांच्या आधी पिशवी भरून तयार असतात.

रस्ता मंचर, घोडेगाव, डिंभे असा. डिंभ्याच्या जलाशयाला हुतात्मा बाबू गेनू सागर म्हणतात. बाबू गेनू याच आंबेगाव तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचे. १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत विदेशी कापडाच्या ट्रकपुढे ते आडवे झाले आणि त्या ट्रकखाली येऊन त्यांचा जीव गेला. आईंनी ही हकिकत मुलांना सांगितली तेव्हा खिडकीबाहेर मे महिन्यातलं आटलेलं पाणी आणि उघडी पडलेली तांबडी जमीन दिसत होती. धरणाच्या पुढे रस्ता पाण्याच्या कडेकडेनं वळत जातो, मग हळूहळू चढतो. हवा बदलल्याचं नाकाला आधी कळतं. करवंदाच्या जाळ्या पिकल्या होत्या आणि गाडीच्या काचा खाली केल्या की तो गोड-आंबट वास थेट आत येत होता.

एक गोष्ट आधीच स्पष्ट सांगते, कारण हल्ली तंबू घेऊन कुठेही उतरायची पद्धत पडली आहे. हे अभयारण्य आहे. जंगलात तंबू ठोकायचा नसतो, आणि ते योग्यच आहे. आम्ही गावातल्या एका घरी आधी फोन करून ठेवला होता. घर महादेव कोळी कुटुंबाचं. घरासमोर शेणानं सारवलेलं मोठं खळं, त्याच्या एका कडेला आमचे दोन तंबू. मुलांनी पोहोचल्यापासून घरधन्याला मामा आणि त्यांच्या आईला आजी म्हणायला सुरुवात केली आणि पुढचं सगळं सोपं झालं.

खळ्याचा उरलेला भाग हिरड्यानं भरला होता. बाळहिरडा म्हणजे हिरड्याचं कोवळं फळ. झाडावरून काढून उन्हात पसरतात. पहिल्या दिवशी हिरवट, मग तपकिरी, आणि चांगलं वाळलं की काळं, सुरकुतलेलं, दगडासारखं टणक. आजी दर तासाभरानं अनवाणी पायानं त्यात फिरायच्या, पायानंच फळं उलटीपालटी करायच्या. औषधासाठी व्यापारी हा माल घेतात. "आमचा वर्साचा किराणा ह्याच्यावर," मामा म्हणाले. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानं जुन्नर-आंबेगावच्या या पट्ट्यात हिरड्याचं किती नुकसान केलं, ते त्यांनी झाडांकडे बोट दाखवत सांगितलं. बातमीत आपण वाचतो ते कोकणातल्या नारळी-पोफळीचं. घाटमाथ्यावरचा हिरडा त्यात कुठे येत नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आधी शीळकरी कस्तुरानं उठवलं. ओढ्याच्या बाजूनं शीळ येत होती, माणसानं रमतगमत घालावी तशी, मध्येच सूर सोडून दुसरा धरणारी. लेक उठून माझ्या अंगावर ओणवी झाली, "आई, कोण गातंय?" पाठोपाठ पावशा सुरू झाला. मामा म्हणाले, "पेरते व्हा म्हणतोय. आता आमाला दम नाय."

देवराई गावाला लागूनच. कडेला मामांनी चपला काढल्या, म्हणून आम्हीही काढल्या. आत पाऊल टाकलं आणि ऊन मागे राहिलं. बाहेरच्या उतारावर वणव्यानं काळं पडलेलं गवत, आणि इथे पायाखाली ओलसर पाला. जांभूळ, आंबा, हिरडा, अंजनी, आणि त्या सगळ्यांना बांधून टाकणारी गारंबीची वेल. गारंबीचं खोड मांडीएवढं जाड, पिळा घातल्यासारखं जमिनीवरून निघून थेट वरच्या शेंड्यांत शिरलेलं. तिची वाळलेली शेंग खाली पडली होती. लेकानं शेजारी उभं राहून मापली, त्याच्या खांद्याला लागली. मामांनी ती परत होती तिथे ठेवायला लावली. या राईतून वाळकी काटकीसुद्धा घरी न्यायची नाही, देवाचं आहे.

परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात महाराष्ट्रातल्या देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा गावोगावचे हे नियमच त्यांच्या नोंदींत उतरले. आसपासचा डोंगर उघडा पडला तरी देवाच्या नावानं राखलेला तुकडा टिकला. हे मी वाचलं होतं, पण वणव्याच्या राखेतून अनवाणी या सावलीत येईपर्यंत मला ते नीट समजलं नव्हतं.

"ताई, वर बघत बसू नका. मान दुखंल. कान द्या," मामा म्हणाले. आईंसाठी आम्ही घडीची खुर्ची आणली होती, बाकी सगळे पाल्यावर बसलो. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग समोरच्या आंब्यातून टप्, टप् असं काहीतरी खाली पडायला लागलं. लेकीनं उचललं, कैरीचं कुरतडलेलं साल. कडेनं बारीक दातांच्या समांतर रेघा, आणि चीक अजून ओला.

वर पाहिलं तर आधी शेपटी दिसली. झुपकेदार, टोकाला फिकट, सरळ खाली लोंबणारी. मग उरलेलं जनावर. मागच्या पायांनी फांदी धरून शेकरू डोकं खाली करून लटकलं होतं आणि पुढच्या दोन्ही पंजांत कैरी फिरवत होतं. पोट पिवळसर, पाठ तांबूस विटकरी, कानांवर केस. लटकून खाताना शेपटी तोल सांभाळते. कैरी फिरली की शेपटीही जराशी हलायची. हे आम्ही सगळ्यांनी आपापल्या डोळ्यांनी पाहिलं, सांगावं कुणालाच लागलं नाही. आपली नेहमीची खार डोळ्यांपुढे असल्यामुळे मुलांना त्याचा आकारच पटेना. शेपटीसकट जवळजवळ तीन फूट लांब खार!

अर्धी कैरी टाकून ते पुढच्या झाडाकडे निघालं. फांदीच्या टोकापर्यंत गेलं, थांबलं, आणि झेपावलं. मध्ये बरंच अंतर मोकळं होतं. पलीकडची फांदी पार वाकली, पानं झडली, आणि ते केव्हाच खोडाशी पोचलेलं. शेकरू वीस फुटांपर्यंत उडी मारतं. पण त्यापेक्षा रुंद फट पडली की त्याला जमिनीवर उतरावं लागतं, आणि जमिनीवर कुत्री आहेत, बिबट्या आहे. चार झाडं तोडून मध्ये रस्ता काढला की बाकी जंगल जागेवर असूनही शेकराच्या दृष्टीनं त्याचे दोन तुकडे होतात. भीमाशंकर अभयारण्य १९८५ मध्ये जाहीर झालं ते या प्राण्यासाठी. शेकरू महाराष्ट्राचा राज्यप्राणी आहे, हे शाळेत सगळेच पाठ करतात. त्याला झाडांच्या फांद्यांचं सलग छप्पर लागतं, हे मात्र पाठ्यपुस्तकात ठळक अक्षरांत छापायला हवं.

तेवढ्यात वरून बारीक, लांबलेली शीळ आली. सर्पगरुड घिरट्या घालत होता. शेकरू आहे तिथेच खोडाला चिकटून चपटं झालं. शेपटीसुद्धा सालीवर दाबलेली. ते कुठे आहे हे माहीत असूनही माझी नजर दोनदा चुकली. गरुड दूर गेल्यावर त्यानं खुळखुळा वाजवल्यासारखा कर्कश आवाज काढला आणि राईच्या दुसऱ्या टोकाकडून तसंच उत्तर आलं.

घरटी मोजायचं काम मुलांनी आपणहून घेतलं. काटक्या-पानांचे मोठे गोळे, नेमके बारीक फांद्यांच्या टोकांना. तिथे जड शिकारी पोचू शकत नाही. एकच शेकरू अनेक घरटी बांधतं, कुठे झोपायला, कुठे दुपारच्या विसाव्याला, कुठे पिलासाठी. त्यामुळे घरटी जितकी तितकी शेकरं असा हिशेब नसतो. हे कळल्यावर लेकीनं वहीतला आकडा खोडला नाही, पुढे फक्त "घरटी" असं लिहिलं.

दुपारी काही दिसत नाही. शेकरू झोपतं, पक्षी गप्प होतात, माणसांनीही पडावं. आजींनी नाचणीची भाकरी, पिठलं आणि करवंदाची चटणी दिली होती. चटणी आंबट, तिखट आणि जांभळट काळी. आईंनी कृती लिहून घेतली.

उन्हं कलल्यावर कड्यावर गेलो. आहुप्याचा कडा एकदम तुटतो. खाली कोकण, समोर गोरखगड आणि मच्छिंद्रगडाचे सुळके, बाजूला सिद्धगड. आहुपे घाटाची जुनी वाट इथूनच खाली खोपिवलीकडे उतरते. मुलांना कड्यापासून चांगलं अंतर राखून बसवलं. वारा खालून वर येत होता आणि त्या वाऱ्यावर पाकोळ्या आमच्या पायांच्या खालच्या उंचीवरून सुसाट जात होत्या. पक्ष्यांच्या पाठी बघायला मिळणं ही कड्याची खास देणगी. पण फार वेळ बसता आलं नाही, कारण दक्षिणेकडून आभाळ भरून यायला लागलं.

घरी पोचतो तोच आजींची हाक. "हिरडा उचला गं!" पुढची पंधरा-वीस मिनिटं मी विसरणार नाही. मामा, मामी, त्यांची मुलं, शेजारची दोन घरं, आम्ही सगळे खळ्यात. कुणी झाडूनं लोटतंय, कुणी घमेल्यानं गोणीत भरतंय, लेक दोन्ही हातांनी. आई खुर्चीत बसून गोण्यांची तोंडं धरत होत्या. वाळलेला हिरडा भिजला की बुरशी धरतो, काळपट-पांढरा पडतो आणि भाव निम्म्यावर येतो. शेवटची गोणी पडवीत गेली आणि थेंब टपोरे झाले. आमचे तंबू तेवढ्यात वाऱ्यानं एका बाजूला पार झोपले होते. कुणाचंच तिकडे लक्ष नव्हतं. त्या रात्री आम्ही पडवीत झोपलो, हिरड्याच्या गोण्यांना टेकून. तुरट वास रात्रभर नाकात.

वळीव तासाभरात ओसरला. शेकोटीचा मुलांनी हट्ट केला, मामांनी नाही म्हटलं. मे महिन्यात आत वाळलेलं गवत अजून कोरडंच असतं, एक ठिणगी पुरते. त्याऐवजी विजेरीला लाल जिलेटीनचा कागद गुंडाळून गावातल्या रस्त्यानं थोडं चाललो. जंगली रातवा, रात्री फिरणारा पक्षी, चक्-चक्-चक् करत होता. रस्त्यावर बसलेल्या एकाचे डोळे प्रकाशात निखाऱ्यागत लाल चमकले. मग राईकडून कुत्र्यासारखं, पण एकेकदाच, थांबून थांबून भुंकणं आलं. "भेकर," मामा हळूच म्हणाले, म्हणजे भुंकणारं हरीण. "कायतरी बघितलं असंल त्यानं." काय, ते कुणी विचारलं नाही. मुलं मात्र आपोआप मध्ये आली आणि आम्ही परत फिरलो. बिबट्याच्या मुलखात मुलांना मध्ये घेऊन, बोलत चालावं, हे मामांचं सांगणं. जुन्नर-आंबेगावात राहणाऱ्यांना ते वेगळं शिकावं लागत नाही.

परतीच्या दिवशी सकाळी आणखी एक लाभ झाला. नवरंग! मे महिन्यात तो सह्याद्रीत येऊन पोचतो, पावसाच्या तोंडावर वीण करायला. दोन सुरांची स्पष्ट शीळ, आणि पाल्यात उड्या मारणारा तो हिरवा, निळा, बदामी, पोटाखाली लाल पक्षी. दुर्बीण लेकाच्या हातात होती. "तिला आधी दे," असं म्हणायच्या आत त्यानं स्वतःच बहिणीकडे दिली.

कुणी जाणार असाल तर थोडं सांगते. गावात राहा, आधी फोन करा, जेवण घरीच सांगा. वनखात्याच्या चौकीवर विचारूनच पुढे जा. गाणी लावू नका. कचरा, विशेषतः चिप्सची पाकिटं, परत आणा. मे अखेरीस काजव्यांसाठी या सगळ्या पट्ट्यात गर्दी होते. आम्हाला वळवानंतर तुरळकच दिसले, मामांच्या मते खरा बहर अजून पंधरा दिवसांनी. तेव्हा गेलात तर गाडीचे दिवे बंद ठेवा आणि काजव्यांच्या झाडाखालच्या गवतात शिरू नका. माद्या खाली असतात, त्या पायाखाली येतात. आणि खळ्यात हिरडा वाळत असेल तर आभाळावर तुमचीही नजर असू द्या. हाक आली की घमेलं उचलून धावायचं.