तुम्ही विचारलंत म्हणून: आम्ही डबा बदलला नाही

सोसायटीच्या गार्डनमध्ये, ऑफिसात, आणि आता तर नातेवाइकांचे नातेवाईकसुद्धा फोन करून मला हेच विचारतात, "तुमची मुलगी इतकी रडायची, इतकं दूध टाकायची, मग दुधाच्या पावडरचा कोणता डबा लावलात?" आम्ही नेरुळला राहतो, लेक बाटलीच्या दुधावर वाढली आणि रात्रीच्या बाटल्या बहुतेक मीच दिल्या, म्हणून असेल, पण प्रश्न माझ्याकडेच येतो. तर खरं उत्तर असं की डॉक्टरांनी पहिल्यांदा जो डबा लिहून दिला तोच शेवटपर्यंत चालला. आम्ही बदलली ती बाटली द्यायची पद्धत, बाकीचं काम तिच्या वयाने केलं.

लोक डब्याचं का विचारतात ते मला कळतं. आपल्याकडे 1992 च्या कायद्याने बाळाच्या दुधाच्या पावडरची जाहिरातच करता येत नाही, आणि ते बरोबरच आहे, पण त्यामुळे ज्या घरात वरचं दूध द्यावं लागतं तिथे सगळी माहिती या तोंडून त्या तोंडी फिरते. त्यात "अंगावरचं का नाही पाजत" हा प्रश्न आईला दहा जण विचारून जातात. कृपा करून विचारू नका. ते त्या आईचं आणि तिच्या डॉक्टरचं आहे.

आता मुद्द्याचं. दूध टाकणं आणि पोटात दुखल्यासारखं रडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आमच्याकडे दोन्ही एकदम होत्या म्हणून सगळं एकच वाटायचं. अन्ननलिका जिथे पोटाला मिळते तिथला स्नायू लहान बाळांत अजून ढिला असतो, त्यात आहार पातळ आणि बाळ दिवसभर आडवं, मग दूध वर येणारच. पहिल्या तीन महिन्यांत साधारण निम्मी बाळं दिवसातून एकदा तरी गुळणी टाकतात, चौथ्या महिन्याच्या आसपास ते सगळ्यात जास्त असतं आणि वर्षाचं होईपर्यंत बहुतेकांचं थांबतं. वजन वाढतंय, सू नीट होतेय, बाळ खेळतंय, तर आमच्या डॉक्टरांच्या भाषेत तो धुण्याचा प्रॉब्लेम, आजार नाही. झबली आणि दुपटी जास्त घेऊन ठेवा.

बाटलीचं मात्र नीट सांगतो कारण खरा फरक आम्हाला इथेच दिसला. बाळाला आडवं ठेवून बाटली उभी धरली की दूध धो धो येतं, त्याला थांबताच येत नाही, ते गटागटा गिळतं आणि सोबत हवा. म्हणून बाळ जवळजवळ बसतं धरायचं, डोक्याला हाताचा आधार, आणि बाटली आडवी, निपलमध्ये दूध राहील इतकीच तिरकी. चारसहा घोट झाले की बाटली थोडी खाली करायची, बाळाला श्वास घेऊ द्यायचा, मग परत. निपल सगळ्यात कमी फ्लोचं. मधेच एकदा ढेकर, शेवटी एकदा, आणि नाही आली तर पाठ बडवत बसायचं नाही, खांद्यावर उभं धरून वीसतीस मिनिटं नुसतं फिरायचं. पावडर आधी पाणी मग चमचा अशीच, आमच्या डब्यावर 30 मिलीला एक सपाट चमचा होता, तुमच्या डब्यावर बघून घ्या, आणि "पोट भरेल" म्हणून जास्त किंवा "हलकं जाईल" म्हणून कमी अजिबात नाही. पाणी फिल्टरचं असलं तरी उकळूनच. उरलेलं दूध ओतून टाकायचं, पुढच्या वेळेला ठेवायचं नाही.

आणि किती द्यायचं? पहिल्या काही महिन्यांत किलोमागे दिवसाला साधारण 150 मिली धरतात, म्हणजे चार किलोच्या बाळाला 600, आठ वेळा पाजलं तर एका वेळेला 75. बाळ रडलं की घरातल्या प्रत्येकाला वाटतं भूक लागली, मग अजून बाटली, पोट तट्ट, परत गुळणी, परत रडणं. तोंड फिरवलं, हात सैल सोडले की झालं त्याचं, बाटलीत राहिलं तरी राहू दे.

झोपवायचं पाठीवरच, सपाट गादीवर, दूध टाकणाऱ्या बाळालाही. "घशात जाईल" ही भीती मलाही होती, पण पाठीवर झोपल्यावर श्वासनलिका अन्ननलिकेच्या वर असते, त्यामुळे वर आलेलं दूध तिच्यात सहज जात नाही. राईची उशी, गादीखाली घड्या घालून केलेला उतार, काही नको.

ग्राइपवॉटर नॉटिंगहॅमला 1851 मध्ये निघालं आणि कित्येक वर्षं त्यात अल्कोहोल होतं, आता नसतं, पण रडणं थांबतं असा भक्कम पुरावा आजही नाही. गॅसच्या सायमेथिकोन ड्रॉप्सचंही तसंच. पोटदुखीच्या काही ड्रॉप्समध्ये डायसायक्लोमीन असतं, ते सहा महिन्यांखालच्या बाळाला द्यायचं नाही, श्वासाचा त्रास होऊ शकतो, म्हणून मेडिकलवाल्याने दिलं तरी आधी नावं वाचा. मध, गुटी, वावडिंगाचं पाणी आम्ही दिलं नाही. माझी आई रोज तिन्हीसांजेला मीठमोहरीने दृष्ट काढायची, ते चालू दिलं, तिलाही काहीतरी करायचं होतं ना.

कारण ते रडणं तिन्हीसांजेलाच सुरू व्हायचं. मुठी आवळून, पाय पोटाशी घेऊन, तासन्‌तास. हे सहाव्या आठवड्याच्या सुमारास सगळ्यात जास्त असतं आणि तीनचार महिन्यांत ओसरतं, आमचंही तसंच ओसरलं. तोवर पॅसेजमध्ये फेऱ्या, पंख्याचा आवाज, छातीशी घट्ट धरणं. आणि अगदीच सहन होईना तर बाळाला पाळण्यात सुरक्षित ठेवून पाच मिनिटं बाल्कनीत जा. बाळाला कधीच गदागदा हलवायचं नाही, जोरात हलवल्याने मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो.

थांबायचं कधी नाही तेही सांगतो. उलटी हिरवी किंवा रक्ताची, प्रत्येक पाजण्यानंतर लांब फेकली जाणारी उलटी, पोट फुगून कडक, तीन महिन्यांच्या आत 38 डिग्री ताप, बाळ मलूल, तर रात्र असली तरी निघायचं. वजन वाढत नसेल, बाटली बघूनच पाठ ताणत असेल, शीमध्ये रक्त किंवा अंगावर चट्टे असतील, तर डॉक्टर गाईच्या दुधाच्या ॲलर्जीचा विचार करतात आणि दोनचार आठवडे वेगळी पावडर देऊन बघतात. डबा बदलायचा तर असा, त्यांनी लिहून दिल्यावर.