जागा ट्रस्टची, घर आपलं

इथे बर्लिंग्टनमध्ये (हे अमेरिकेच्या व्हरमाँट राज्यातलं) ओळखीतल्या एका कुटुंबानं घर घेतलं. नवरा बस चालवतो, बायको हॉस्पिटलात साफसफाईचं काम करते. घर त्यांचं, पण खालची जागा त्यांची नाही. बेळगावातल्या वडगावच्या आक्काला हे फोनवर सांगितलं, तर तिचा पहिला प्रश्न, "मग उताऱ्यावर नाव कुणाचं रे?"

जागेवर नाव शॅम्प्लेन हाउसिंग ट्रस्टचं. नफा न कमावणारी ही संस्था 1984 मध्ये, बर्नी सँडर्स महापौर असताना, शहराच्या 2 लाख डॉलरवर सुरू झाली. जागा ट्रस्टकडेच राहते. घर कुटुंब विकत घेतं, बँकेचं कर्ज काढून. जागेचा लांब मुदतीचा करार होतो, तो मुलाबाळांकडेही जातो. अनुदानामुळे किंमत खाली येते आणि हप्ता झेपतो.

झोंबणारी अट पुढे आहे. घर विकताना फेडलेलं मुद्दल मिळतं, पण वाढलेल्या किमतीतला चौथाच हिस्सा. किंमत 40 हजारांनी चढली तर हातात 10 हजार. उरलेलं घरातच मुरतं, म्हणून पुढच्या गरजू कुटुंबालाही ते स्वस्त पडतं.

"मग घेऊन काय मिळवलं?" आक्का. तिचंही बरोबर आहे. आपल्याकडे बायपास होणार अशी कुजबुज झाली तरी गुंठ्याचा भाव बदलतो, आणि बरेच जण प्लॉट घेतात ते त्यासाठीच.

अशा ट्रस्टच्या मुळाशी आपले विनोबा आहेत, हे मला इथे येऊन कळलं. 1969 मध्ये अमेरिकेच्याच जॉर्जिया राज्यात नागरी हक्क चळवळीतले चार्ल्स शेरॉड आणि सोबत्यांनी कृष्णवर्णीय शेतकऱ्यांसाठी 'न्यू कम्युनिटीज' ही अशीच जमीन सामायिक ठेवणारी संस्था काढली. त्यांच्यापुढे इस्रायलमधल्या सामायिक जमिनीवरच्या शेती-वसाहती होत्या, तसं विनोबांचं ग्रामदानही होतं, म्हणजे जमीन साऱ्या गावाच्या नावे करणं. दुष्काळ आणि सरकारी कर्जातला भेदभाव यांपायी 1985 मध्ये ती सगळी जमीन गेली. कल्पना तेवढी टिकली.

आक्काला खरी धास्ती ट्रस्टींची. अशा संस्थांच्या रूढ रचनेत मंडळाचा एक तृतीयांश भाग त्या घरांत राहणाऱ्यांचाच असतो, बाकी आसपासचे रहिवासी आणि सार्वजनिक कामातली माणसं. आपल्याकडच्या ट्रस्टांवर कोण बसतं ते सांगायला नको.

तरी प्लॉटवाल्यांना सोडा, भाड्याच्या खोलीत माग घेऊन बसलेल्या वडगाव-शहापूरच्या विणकराचा विचार करा. मालकानं खोली सोड म्हटलं की आधी माग सोडवायचा, दुसरीकडे पुन्हा बसवायचा, तोवर मजुरी बंद. चौथा हिस्सा मिळो न मिळो, कुणी उठवणार नाही एवढं लेखी मिळालं तरी त्याला ते परवडेल.