स्लॅब पडला

आमच्या शेजारची जुनी सोसायटी पाडून तिथे बारा मजली इमारत उभी राहतेय. पुण्यात ही आता बातमी राहिलेली नाही. धूळ, ठोकाठोक, रात्री अकराला पोट गरगरवत येणारे रेडीमिक्सचे ट्रक, सगळ्यांना शिव्या घालून झाल्यात. पण परवा दुपारी जेवण झाल्यावर वाळलेले कपडे काढायला गॅलरीत गेलो आणि खालून वास आला. तापलेल्या सिमेंटवर पाणी पडल्याचा.

पहिल्या पावसातल्या मातीच्या वासाचं सगळ्यांना केवढं कौतुक. त्याचं अत्तरसुद्धा मिळतं. ह्या वासाला मात्र कुणी विचारत नाही. थोडा चुन्याचा, थोडा शाळेतल्या ओल्या पाटीचा आणि मागे कुठेतरी भिजलेल्या गोणपाटाचा. खाली वाकून बघितलं तर दुसऱ्या मजल्याच्या स्लॅबवर वॉचमनचा पोरगा पाइप धरून उभा. अंगठा पाइपाच्या तोंडावर दाबून तो पाण्याने काहीतरी अक्षरं काढत होता. आणि कोपरा कोरडा ठेवत होता!

"ए, तो कोपरा!" मी वरून ओरडलो. त्याने वर बघितलं, हसला आणि पाण्याचा फवारा माझ्या दिशेने उडवला. अर्थात सातव्या मजल्यापर्यंत काही तो पोचला नाही.

"तुझं काय जातंय?" बायको आतून म्हणाली.

हे वाक्य मी बरेचदा ऐकलंय. रस्त्याने जाताना कुठेही बांधकाम दिसलं की माझी गाडी हळू होते. कॉलमला गोणपाट गुंडाळलंय का, ते ओलं आहे का, विटांची भिंत तहानलेली दिसतेय का, हे बघितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. एकदा सिंहगड रस्त्यावर एका अनोळखी साइटवर थांबून मी तिथल्या मुकादमाला "पाणी कमी मारताय" असं सांगून आलो होतो. तो मला महापालिकेचा माणूस समजला आणि त्याने चहा मागवला. मी प्यायलो.

हे सगळं 1990 च्या मे महिन्यापासून आहे.

त्या वर्षी आमचं बार्शीचं घर बांधलं जात होतं. दीड गुंठ्याचा प्लॉट, काळ्या रानातला. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, तिच्यावर घर ठेवायचं म्हणजे झोपलेल्या म्हशीवर बसण्यासारखं. ती कधी कूस बदलेल सांगता येत नाही. म्हणून मुरूम लागेपर्यंत खोदा, असं सगळ्यांनी अण्णांना बजावलेलं. तो लागला सात फुटांवर. तोवर शिक्षक सोसायटीच्या कर्जाचा पहिला हप्ता खड्ड्यात गेला होता, अक्षरशः. अण्णा शाळेत विज्ञान शिकवायचे. त्यांनी एक दोनशे पानी वही घातली होती आणि पहिल्या पानावर शाईने 'गृहबांधणी' असं लिहिलं होतं. त्यात वाळू किती ब्रास आली, खडी किती, विटा कुठल्या भट्टीच्या आणि त्यात फुटक्या किती, रिकामी पोती किती परत गेली, सगळं असायचं. माझ्या काकांनी ऐंशी साली घर बांधलं तेव्हा सिमेंटला परमिट लागायचं आणि एका परमिटसाठी त्यांच्या चपला झिजल्या होत्या. 1989 च्या मार्चात सिमेंटवरचं नियंत्रण पुरतं उठलं आणि वर्षभरात अण्णांनी जोतं धरलं. दुकानात जाऊन पैसे टाकून सिमेंट मिळतं याचं त्यांना इतकं अप्रूप की ते पोत्याला हात लावून बघायचे. ताजं असेल तर आत हात घातल्यावर गार लागतं म्हणे.

स्लॅबचा दिवस मला तासातासाने आठवतो. पहाटे पाचला मिक्सर आला. नारळ फुटला. मग एक पोतं सिमेंट, दुप्पट वाळू, चौपट खडी असा जो घोष सुरू झाला तो दिवेलागणीपर्यंत. घमेल्यांची रांग खालून वर, रिकामी घमेली वरून खाली. बायकांच्या डोक्यावरच्या चुंबळी भिजून काळ्या झालेल्या. मध्येच एक बाई रांगेतून निघून झाडाला बांधलेल्या झोळीतल्या पोराला पाजून आली आणि परत त्याच जागी लागली. रांग तुटली नाही. अण्णा टोपी घालून एका बल्लीला टेकून पोती मोजत होते. 55 पोती लागली. मिस्त्रीने शेवटची थापी फिरवली, खाली उतरला आणि "सर, कोंबडीचे पैसे" म्हणाला. अण्णांनी जिलबी आणून ठेवली होती. जिलबीही गेली आणि कोंबडीचे पैसेही गेले.

तर आमचा स्लॅब पडला. मराठीत स्लॅब पडला म्हणजे झाला, उभा राहिला. ह्या भाषेत काय पडेल आणि काय उभं राहील काही नेम नाही. अण्णांनी ज्याला त्याला हेच सांगितलं आणि बाजाराला आलेल्या आमच्या गावच्या एका माणसाने ते इमानाने भूमजवळच्या आमच्या गावी आजीला जाऊन सांगितलं, "मास्तरच्या घराचा सलाब पडला." आजी दुसऱ्या दिवशी पहिल्या एस्टीने रडत आली. हातात भाकरीचं गठुडं. आम्ही दारात उरलेली जिलबी खात बसलो होतो. तिने आधी सगळ्यांची डोकी मोजली, मग वर बघितलं, मग अण्णांना असं काही झापलं की मिस्त्रीने हातातली थापी खाली ठेवली.

आता मुद्द्याचं. स्लॅबला एकवीस दिवस पाणी, असं ठरलं. वर मातीचे छोटे बांध घालून वाफे केले होते, त्यात पाणी साठवायचं, सकाळ-संध्याकाळ. ते काम माझं. अण्णांनी मला समोर बसवून समजावलं होतं, "लोकांना वाटतं सिमेंट वाळून घट्ट होतं. चूक. ते पाणी पिऊन घट्ट होतं. तहानलेलं राहिलं तर आतून कच्चं राहतं." आणि वहीत एकवीस चौकोन आखून दिले. पाणी मारलं की मी बरोबरची खूण करायची.

बार्शीत मे महिन्यात नळाला एक दिवसाआड पाणी. शेजारच्या विहिरीवरून भरलेलं पिंप, कठडा नसलेला जिना आणि मी, वय वर्षं अकरा, एका हातात बादली. सकाळचं सोपं होतं. संध्याकाळी स्टेशनाकडून छोट्या गाडीची शिट्टी ऐकू आली की वर जायचं, तर स्लॅब अजून तव्यासारखा. पहिली बादली ओतली की चर्र व्हायचं. मग हळूहळू वाफे भरायचे, त्यात आभाळ यायचं आणि मी कागदाच्या होड्या सोडायचो. एका वाफ्याचं नाव मी उजनी ठेवलं होतं. पहिले दोन दिवस मी इतक्या निष्ठेने पाणी मारलं की मिस्त्री म्हणाला, "मास्तर, पोरगं विंजनेर होतंय बघा."

तिसऱ्या दिवशी अण्णा एका लग्नाला लातूरला गेले, दोन दिवसांसाठी. आणि तिसऱ्याच दिवशी चौकातल्या सायकलवाल्याकडे छोटी लाल सायकल आली. तासाला रुपया.

पुढचं काय सांगायचं. दोन दिवस मी सायकल शिकलो. गुडघे फोडून घेतले, एका शेळीला धडक दिली, दुसऱ्या संध्याकाळी न टेकता पोस्टापर्यंत गेलो. घरी येताना मात्र आठवण ठेवून जिन्याच्या वरच्या तोंडाशी एकच बादली ओतायचो. पाणी भिंतीवरून ओघळून खाली यायचं आणि खालून आईला वाटायचं, भिजलाय सगळा. वहीत दोन्ही चौकोनांत खूण केली. जरा ठळकच झाली.

आजीला मात्र कळलं. तिने दुसऱ्या संध्याकाळी मला जिन्यातच पकडलं. मी रडायच्या बेतात. ती हळूच म्हणाली, "बरं केलंस."

मला कळेना.

"आरं लेकरा, घराच्या डोक्यावर पाणी वततंय व्हय कुणी? पानी वरून पळवायचं असतंय. आन् हितं प्यायला न्हाई, तुझा बाप दगडाला पाजतुया. न्हाई सांगत म्या कुणाला."

तिचं म्हणणं तिच्या जागी बरोबर होतं. ती जन्मभर माळवदात राहिलेली. दोन-अडीच फुटी दगडी भिंती, वर तुळया, किलच, त्यावर हातभर माती. पावसाळ्याआधी त्यावर पांढरी माती टाकून, चोपून, उतार काढून ठेवायची, थेंब थांबू द्यायचा नाही. माळवदावर पाणी साठणं म्हणजे घर बसणं. तिच्या लेखी आम्ही वाफे करून मरण साठवत होतो. शिवाय स्लॅब दुपारी तापायचा तो वेगळाच. "माळवद म्हंजी रांजण, आन् ह्यो तुझ्या बापाचा तवा," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायची.

अण्णा परतले. पुढचे सतरा दिवस मी एकही वेळ चुकवली नाही, उलट दुपारचीही एक खेप घातली. त्याने काय होतंय.

पहिल्याच पावसाळ्यात मधल्या खोलीच्या छताला ओल आली. आधी नाण्याएवढी, मग ताटाएवढी. मिस्त्रीला बोलावलं. त्याने वर जाऊन तळहात टेकवला, केसाएवढी एक चीर होती तिच्यावरून नख फिरवलं आणि विचारलं, "पाणी नीट मारलं हुतं न्हवं?" मी तिथेच होतो. तोंड उघडायच्या आत अण्णा म्हणाले, "पोराने एकवीस दिवस मारलंय. वहीत लिहिलेलं आहे." आणि त्यांनी खरंच वही आणून दाखवली. मिस्त्रीने ती वही उलटीसुलटी बघितली. मग कुणाकडे न बघता म्हणाला, "मग माझंच काय तरी चुकलं आसंल." त्याने पदरच्या सिमेंटाने चीर भरून दिली आणि पैसे घेतले नाहीत.

माझा एक मित्र स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे. त्याला मी हे कबूल केलंय. तो म्हणाला, "अरे, मानकात किमान सात दिवस सांगितलेत, उन्हाळी कोरड्या हवेत दहा. तुम्ही एकवीस मारलंत. उतार चुकला असेल, वाळूत माती असेल, हजार कारणं असतात." मला हलकं वाटलं. मग त्याने सहज विचारलं, "बुडवले कुठले दोन दिवस?"

"तिसरा आणि चौथा."

तो थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "चहा घेऊ या का?"

1993 च्या अनंत चतुर्दशीनंतरची पहाट, 30 सप्टेंबर. विसर्जनाची मिरवणूक बघून आम्ही उशिरा झोपलो होतो. तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी मांडणीवरची भांडी वाजायला लागली. अण्णांनी सगळ्यांना ओढून अंगणात काढलं. घर हललं आणि थांबलं. सकाळी रेडिओवर किल्लारीचं नाव आलं. त्या भागातली जुनी घरं आजीच्या घरासारखीच, दगड-मातीच्या भिंती आणि वर मातीचा भार. झोपलेल्या माणसांवर तेच बसलं होतं. आजीचं माहेर उमरग्याकडचं. अण्णा तिला घेऊन गेले आणि आठ दिवसांनी परत आले. तिकडचं ती कधी बोलली नाही. स्लॅबला तवा म्हणणंही बंद झालं.

पुढच्या उन्हाळ्यात एकदा संध्याकाळी मी वर पतंग काढायला गेलो तर आजी स्लॅबवर. मधल्या खोलीच्या वरच्या भागात वाकून, कळशीने पाणी ओतत होती. थोडं थोडं, रोपाला घालावं तसं.

"आजी, आता ओतून काय उपयोग?"

"पितंय म्हनला हुता न्हवं तुझा बाप," ती म्हणाली. "पिऊ दे मग."

मी खाली जाऊन अजून एक बादली आणली.

आजी जाऊन वीस वर्षं होतील. ओल मात्र आहे, दर पावसाळ्यात, त्याच जागी. अण्णा ऐंशीच्या पुढे गेलेत. परवा, म्हणजे मी त्या वॉचमनच्या पोरावर ओरडलो त्याच संध्याकाळी त्यांचा फोन आला. वॉटरप्रूफिंगवाला आला होता, पावसाळ्याच्या आत करून घेऊ म्हणत होता. त्या माणसाने काहीतरी विचारलेलं ऐकू आलं. मग अण्णांचा आवाज, चढा, वर्गात असायचा तसा, "अहो, एकवीस दिवस! वही आहे माझ्याकडे. थांबा, ज्याने मारलं तोच फोनवर आहे. सांग रे यांना."

फोन त्या माणसाच्या हातात गेला.

"एकवीस दिवस मारलं होतं का, साहेब?"

"हो," मी म्हटलं. "एकवीस."