आमची वाटचाल : ठिबकच्या जुन्या नळ्यांपासून गोदावरीतल्या पन्नीपर्यंत

आमचं युनिट नांदेडला आहे, जुन्या प्लास्टिकपासून दाणा काढायचं काम. 2009 साली थोरले बंधू अन मी मिळून चालू केलं, त्याच्या आधी वडलांचं भंगाराचं दुकान होतं, लोखंड, रद्दी, बाटल्या, बारदाना असं सगळं चालायचं. दाणा म्हणजे काय हे बऱ्याच जणांना माहीत नसतं म्हणून सांगतो, जुनं प्लास्टिक जातीनुसार वेगळं करायचं, तुकडे करायचे, धुवायचं, वाळवायचं, मग एक्स्ट्रुडरमधे वितळवून शेवयांसारख्या तारा काढायच्या, त्या पाण्याच्या हौदातून गार करून कापल्या की झाला दाणा. तो पुढं पाइपवाले, टबवाले, काळी पन्नी करणारे घेऊन जातात.

सुरुवात केली ती ठिबकच्या नळ्यांवर. आमच्याकडं अर्धापूरची केळी, वसमतची हळद, सगळं ठिबकवर, अन काही वर्षांनी नळी खराब होतेच, उंदीर-खारी कुरतडतात, क्षार बसून ड्रिपर बंद पडतात. तेव्हा शेतकरी काय करायचे तर बांधावर ढीग लावून पेटवून द्यायचे नाहीतर ओढ्यात ढकलायचे. आम्ही गावोगाव टेम्पो घेऊन फिरलो, दादा जाळू नका, किलोवर घेतो म्हणून. पहिल्यांदा कुणाला खरं वाटंना. एका काकांनी तर सरळ विचारलं, "ह्येचे पैसे कामून देतो बाबा, तुला काय मिळायलंय ह्यात?" मी त्यांना खिशातला दाणा काढून दाखवला, त्यांनी दाताखाली धरून बघितला अन दुसऱ्या दिवशी भावकीतल्या सगळ्यांच्या नळ्या बैलगाडीत घालून पाठवल्या. नळी हा चांगला माल आहे, एकाच जातीचा, एलएलडीपीई म्हणजे पॉलिथिनचाच एक प्रकार, फक्त त्यात पीव्हीसीचा तुकडा यायला नको. सबमेनचा, म्हणजे नळ्यांपर्यंत पाणी आणणाऱ्या पीव्हीसी पाइपाचा, एखादा तुकडा मिसळून गेला की गरम होऊन त्यातून ॲसिडचा वास सुटतो, एक्स्ट्रुडरचे स्क्रू-बॅरल खातो अन सगळा लॉट वाया जातो.

मग आला दुष्काळ. 2016 ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं ते सगळ्यांना आठवत असेल, तेव्हा आम्ही प्लास्टिक धुवायला पाणी कुठून आणणार अन कोणत्या तोंडानं मागणार. माणसाला प्यायला नाही तिथं आम्ही नळ्या धुतोय हे आम्हालाच पटंना. त्या वर्षी वॉशिंग बऱ्यापैकी बंद ठेवलं आणि त्याच काळात एकाखाली एक असे तीन हौद बांधून घेतले, पहिल्यात गाळ बसतो, दुसऱ्यात बारीक जाळ्या, तिसऱ्यातलं पाणी परत वर. तेव्हापासून तेच पाणी फिरतंय, फक्त उडतं तेवढं वरून भरायचं. ह्याचा दुसरा फायदा जास्त मोठा होता. प्लास्टिक दळताना जो बारीक चुरा निघतो तो पाण्याबरोबर बाहेर गेला तर थेट नाल्यात अन नाल्यातून नदीत, म्हणजे नदीतलं प्लास्टिक आपणच बारीक करून परत नदीला द्यायचं. आता तो चुरा जाळीवर अडतो, गाळाबरोबर वाळवून गोण्यात भरून ठेवतो. ह्या धंद्यात जो कोणी नवीन येईल त्यानं मशीनच्या आधी हौद बांधावेत असं माझं ठाम मत आहे.

2018 ला राज्यात प्लास्टिकबंदी आली, मार्चमधे अधिसूचना अन 23 जूनपासून दंड. बाजारात एकदम घबराट. पुढं केंद्राची बंदी 1 जुलै 2022 पासून, कप, चमचे, स्ट्रॉ वगैरे. पिशवीची कमीत कमी जाडी आधी 75 मायक्रॉन अन 2022 च्या शेवटापासून 120 मायक्रॉन. जाडी वाढवायचं कारण आमच्यासारख्याला लगेच कळतं, पातळ पन्नीचं किलो भरायला ढीगभर पन्न्या वेचाव्या लागतात, वेचणाऱ्याला परवडत नाही म्हणून ती पडून राहते. जाड पिशवीला वजन असतं, वजनाला पैसा असतो, अन ज्याला पैसा असतो ते रस्त्यावर राहत नाही. पण भाजीवाल्याकडं आजही पातळच मिळते, कुणाला विचारायची गरज नाही.

नदीचं काम सुरू झालं ते घाट साफ करणाऱ्या पोरांमुळं. रविवारी सकाळी घाटावर उतरून कचरा काढायचे, फोटो वगैरे ठीक आहे पण ही पोरं मनापासून करायची. काढलेला कचरा कुठं टाकायचा हा त्यांचा प्रश्न, कारण ढीग काठावर ठेवला की पुढच्या पावसात परत पाण्यातच. म्हणून एक दिवस गोण्या भरून आमच्या गेटवर घेऊन आले, "काका हे घ्या, पैसे नकोत."

पहिली गोणी फरशीवर ओतली ते चित्र सांगतो. अर्ध्याच्या वर गाळच. त्यात निर्माल्य, तेही गाठ मारलेल्या पन्नीतलं, पुलावरून फेकलेलं, आतली फुलं कुजून काळी पडलेली पण गाठ तशीच. दुधाच्या पिशव्या, शाम्पूच्या पुड्या, वेफर्सची पाकिटं, थर्माकोल, चपला, देवाच्या फोटोची फ्रेम, साडीचं लक्तर अन गुटख्याच्या पुड्या तर मोजायच्या पलीकडं. गुटखा महाराष्ट्रात 2012 पासून बंद आहे, अन तंबाखू-गुटख्याला प्लास्टिकची पुडी वापरायलाही कायद्यानं मनाई आहे, तरी नाल्यात सगळ्यात जास्त तीच.

ते सगळं आम्ही हौदात टाकलं. हौदात एक गोष्ट डोळ्यानं दिसते. पॉलिथिन अन पीपी (पॉलिप्रॉपिलीन) पाण्यापेक्षा हलकं, ते वर तरंगतं, म्हणजे दुधाची पिशवी, पन्नी, बाटलीचं झाकण. पाण्याच्या बाटलीचं पीईटी अन पीव्हीसी जड, ते तळाला जातं. नदीतही हेच चालू असतं. झाकण लावलेली बाटली हवेमुळं तरंगत जाते, झाकण निघालं की पाणी भरून खाली बसते आणि झाकण एकटं पुढं जातं. घाटावरून आपल्याला जे दिसतं ते फक्त तरंगणारं, जे तळाला गाळात बसलंय ते कुणाच्याच फोटोत येत नाही.

वेफर्सचं पाकीट मात्र आमच्या कामाचं नाही. त्यात एकाला एक चिकटवलेले वेगवेगळे थर असतात, कुठं प्लास्टिकवर ॲल्युमिनियमचा मुलामा, ते वेगळे करता येत नाहीत, दाणा निघत नाही. म्हणूनच कुणी वेचत नाही. आमच्याकडं माल आणणाऱ्या एक मावशी आहेत, पहाटेपासून शहर फिरतात, त्यांनी मला एकदा हातातलं पाकीट दाखवून विचारलं, "मालक, ह्येला कोणच कसं घेत नाही? दिवसभर ह्येच पायात यायलंय." आमच्या इथं बरेच शिकलेले लोक येऊन गेले पण एवढा नेमका प्रश्न कुणी विचारला नाही.

आता लोक म्हणतात, नांदेड कुठं अन समुद्र कुठं. गोदावरी त्र्यंबकेश्वरपासून बंगालच्या उपसागरापर्यंत 1465 किलोमीटर जाते, आपण मधे आहोत. पैठण, गंगाखेडचं वरून येतं, आपलं खाली जातं. खाली धर्माबाद तालुक्यात बाभळी बंधारा आहे, सुप्रीम कोर्टाच्या 2013 च्या निकालाप्रमाणं त्याचे दरवाजे 1 जुलै ते 28 ऑक्टोबर उघडे ठेवावे लागतात, म्हणजे पावसाळ्यात नाले जे काही ओकतात ते सरळ तेलंगणात, श्रीरामसागर धरणात. समुद्रात किती जातं ह्याचा गाजलेला अभ्यास 2015 चा, त्यात 2010 या एका वर्षात 48 लाख ते 1 कोटी 27 लाख टन प्लास्टिक समुद्रात गेलं असा अंदाज होता, पण त्यात किनाऱ्यापासून 50 किलोमीटरच्या आत राहणारी लोकंच धरलेली. म्हणजे आख्खा मराठवाडा त्या हिशोबात नाहीच. 2021 च्या अभ्यासात आलं की नद्यांतून समुद्रात जाणाऱ्या प्लास्टिकपैकी 80 टक्के हजारावर नद्यांतून जातं, त्यात शहरातल्या लहान नद्यासुद्धा आल्या, अन जे किनाऱ्यापासून लांब पडतं त्यातलं थोडंच समुद्राला पोचतं.

हे वाचून एक जण मला म्हणाला, बघा मग, आपला दोष नाही. मी म्हणलं अहो उलट आहे, समुद्राला पोचत नाही म्हणजे ते इथंच राहिलं ना. बाभळीच्या झुडपात, धरणाच्या गाळात, उन्हानं तडकून बारीक होऊन माशाच्या पोटात. 2025 च्या सप्टेंबरच्या पुरानंतर नदीकाठच्या शेतात जाऊन बघायचं होतं, पाणी ओसरलं तर बाभळी पार शेंड्यापर्यंत पन्न्यांनी भरलेल्या, सोयाबीन गेलंच अन वरून मातीत प्लास्टिक. त्या शेतकऱ्यानं वेफर्स खाल्ले नव्हते आणि साफ करायची मजुरी मात्र त्याच्याच माथी.

जबाबदारी कुणाची ह्यावर माझं म्हणणं इथूनच सुरू होतं. कायदा आहे. 2016 चे प्लास्टिक कचरा नियम अन त्यावर फेब्रुवारी 2022 मधे आलेली ईपीआरची, म्हणजे उत्पादकाच्या वाढीव जबाबदारीची, मार्गदर्शक तत्त्वं, जो पॅकिंग बाजारात आणतो त्यानं तेवढं प्लास्टिक परत गोळा करून मार्गी लावायचं, स्वतः जमत नसेल तर रीसायकलरकडून तेवढं मार्गी लावल्याचं प्रमाणपत्र विकत घ्यायचं. आमचीही त्याच्या सरकारी पोर्टलवर नोंदणी आहे. 2023 मधे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या तपासणीत लाखो खोटी प्रमाणपत्रं सापडली, अन खोटा माल बाजारात असला की खऱ्याला भाव मिळत नाही. पण माझी खरी तक्रार वेगळी आहे. सोसायटीतून कोरडं, स्वच्छ, वेगळं केलेलं प्लास्टिक आलं तरी एक टनाला एक टनाचं प्रमाणपत्र, अन नाल्यातून गाळासकट उपसलेलं आलं तरी एक टनाला एक टनाचंच. दुसऱ्याला मजुरी जास्त, पाणी जास्त, घट जास्त, मशीनची जाळी सारखी चोक होते, दाणा हलका निघतो, तरी प्रमाणपत्र तेच. मग कोण कशाला नदीत उतरेल? नदी-नाल्यातून काढलेल्या प्लास्टिकला वेगळं, जास्त किमतीचं प्रमाणपत्र पाहिजे, आणि ते पैसे वेचणाऱ्यापर्यंत पोचल्याची नोंद पाहिजे. मी हे बैठकीत बोललो, लेखी दिलं, परत देणार आहे. जगाच्या प्लास्टिक कराराची बोलणी 2022 पासून चालूच आहेत, बुसानला 2024 मधे करार नाही झाला, जिनिव्हाला ऑगस्ट 2025 मधे नाही झाला, त्याची वाट बघत बसलो तर गोदावरीत काय राहील.

पालिकेचं काम पालिकेनं करावं, कचरा वेगळा घ्यावा, नाले पावसाच्या आधी उपसावे अन उपसलेलं काठावर ठेवू नये. लोकांनी निर्माल्य पन्नीतून सोडवून टाकावं, एवढ्यानं सुद्धा फरक पडतो. पण आपण रविवारी घाट साफ करायचा अन सोमवारी कंपनीनं परत तेवढीच पाकिटं पाठवायची, ह्याला सफाई म्हणता येत नाही.

सध्या आम्ही नदीतलं पॉलिथिन शहरातल्या मालाच्याच दरानं घेतो, गाळाची घट आम्ही सोसतो. त्याचा दाणा काळाच होतो, शेतातल्या केबलच्या पाइपला चालतो. थरांची पाकिटं गठ्ठे बांधून चंद्रपूरकडं सिमेंटच्या भट्टीत पाठवतो, त्यात भाडं पदरचं जातं, नळ्यांच्या नफ्यातून ते काढतो. थोरल्या बंधूंना सुरुवातीला हे पटलं नव्हतं, धंदा आहे का समाजसेवा म्हणाले, आता तेच पाकिटांच्या गठ्ठ्यांचं वजन रोज वहीत लिहितात कारण प्रमाणपत्राची मागणी करायला हिशोब लागणार.

यंदा जूनच्या आधी दोन नाल्यांच्या तोंडाला तरंगती जाळी बसवायचं ठरलंय, परवानगीचा अर्ज दिलाय, जाळी रोज उपसायला पोरं तयार आहेत अन मावशींच्या सोबतच्या बायका माल वेगळा करणार, त्यांची मजुरी रोजच्या रोज. शेतकरी बांधवांना एवढंच, नळ्या जाळू नका, गुंडाळून माती झटकून आणा, जॉइंटर अन एंड कॅप वेगळे काढले तर दर जास्त लावतो, पीव्हीसी वेगळ्या गोणीत. मल्चिंग पेपर, म्हणजे पिकाच्या बेडवर अंथरायची पातळ प्लास्टिक पन्नी, अजून आमच्याच्यानं होत नाही, माती लय येते, पण त्याच्यासाठी सुकं झटकायचं मशीन बघून ठेवलंय, दिवाळीनंतर घ्यायचा विचार आहे.